वहिनीचा भविष्यकाळ

१२ जानेवारी

प्रिय चिमे,

पत्र बघून दचकू नकोस, इथे सगळं ठणठणीत आहे. फोनवर विचारलं असतं, पण तुझा फोन आला की तुझा दादा माझ्या शेजारी येऊन बसतो आणि शेवटी तुम्हा बहीण-भावाचंच बोलणं होतं. मला तुझ्याशी एकटीशी बोलायचंय, आणि ते त्याला इतक्यात कळायला नकोय. म्हणून उत्तर कारखान्याच्या पत्त्यावर पाठव. पाकिटावर 'कटिंग विभाग' लिहिलंस की माझ्या टेबलावर येतं.

मला स्पॅनिश शिकव.

हसून झालं असेल तर पुढे वाच. आमच्या बुटांच्या कंपनीने तू राहतेस त्याच देशात, समुद्राकाठच्या एका शहरात, नवा कारखाना काढलाय. तिथल्या मुलींना कातडं कापायला शिकवायचं म्हणून इथून तिघींना दोन वर्षांसाठी पाठवणार आहेत. माझं नाव यादीत आहे. मे महिन्यात तिकडची एक बाई येऊन बोलून बघणार. साहेब म्हणाले, "फार काही नको, पण तुम्ही पुढे काय करणार आहात एवढं तरी तिच्या भाषेत सांगता यायला हवं." आता गंमत बघ. पुढे काय करणार हे मला आपल्या भाषेतही कधी कुणी विचारलेलं नाही.

हल्ली माझं कशात चित्त लागत नाही. बस एक थांबा आधीच सोडते आणि चालत सुटते. घरी आले की उभ्या उभ्या चहा पिते, घासलेली भांडी पुन्हा घासते. तुझा दादा म्हणतो, "बस ना जरा." बसले की पाय हलत राहतो.

लवकर लिही.

तुझी,
वहिनी


२८ जानेवारी

प्रिय वहिनी,

हसले नाही. आधी ओरडले, मग जेवणघरात सगळ्यांना सांगत सुटले. वृद्धाश्रमातल्या निम्म्या म्हाताऱ्यांना आता ठाऊक आहे की माझी वहिनी येणार.

आणि दादापासून लपवतेस का, ते माझ्या लक्षात आलंय बरं का. सगळं पक्कं झालं की एकदम त्याच्यापुढे तिकीट ठेवून त्याला चकित करणार, हो ना? माझ्या तोंडाला कुलूप.

आता धडा पहिला. मी ही भाषा पुस्तकातून शिकले नाही, या म्हाताऱ्यांना आंघोळी घालताना शिकले, तेव्हा शिकवीनही तशीच. पुढचं बोलायचं तर सगळ्यात सोपा रस्ता हा : 'वोय आ' म्हणायचं आणि पुढे क्रियापद जसंच्या तसं ठेवून द्यायचं. 'वोय' म्हणजे 'मी जाते', 'आ' म्हणजे आपला 'ला'. आपण नाही का म्हणत, झोपायला जाते, भाजी आणायला जाते? फरक इतकाच की इथे जागचं हलायचं नसलं तरी 'जाते'च म्हणतात. 'त्राबाखार' म्हणजे काम करणं. 'वोय आ त्राबाखार' म्हणजे मी काम करणार आहे. तू असशील तर 'वास', तो किंवा ती 'वा', आणि आपण 'वामोस'. 'व' लिहितात खरा, पण तोंडातून 'ब'च्या जवळ काढ.

माझ्याकडे एक आजोबा आहेत, जन्मभर ट्राम चालवलेले. रोज सकाळी मी पडदा सरकवला की विचारतात, "के वास आ आसेर ओय?" आज काय करणार आहेस? त्यांना उत्तर देता देताच मी हा काळ शिकले. तूही रोज स्वतःला विचार आणि पाच वाक्यं लिहून पाठव. चुका मी लाल शाईने दाखवीन.

तुझी मास्तरीण,
चिमी


१६ फेब्रुवारी

प्रिय चिमे,

घे माझी वाक्यं. शब्द साहेबांच्या टेबलावरच्या कोशातून शोधलेत, लिहिलेत मात्र आपल्याच अक्षरांत.

मान्याना वोय आ कोर्तार क्वेरो. (उद्या मी कातडं कापणार आहे.)
वोय आ एस्तुदियार. (मी अभ्यास करणार आहे.)
वोय आ कोम्प्रार उना मालेता. (मी एक बॅग घेणार आहे.)
एन खुन्यो वोय आ विविर सेर्का देल मार. (जूनमध्ये मी समुद्राजवळ राहणार आहे.)
पिएन्सो आल्किलार उन क्वार्तो. (एक खोली भाड्याने घ्यावी असं मनात आहे.)

शेवटचं वाक्य शेजारच्या टेबलावरच्या बाईने सांगितलं. तीही यादीत आहे. आम्ही दोघी कातडं पसरता पसरता पुटपुटतो आणि मुकादम विचारतो, "काय, मंत्र म्हणताय?"

एका जागी बसून करायच्या कामालाही आधी 'जाते' म्हणायचं, हे मला फार आवडलं. सकाळी दात घासताना म्हणते, वोय आ, वोय आ, आणि पुढचं क्रियापद सुचतच नाही. तेवढंसुद्धा बरं वाटतं.

काल तुझ्या दादाला म्हटलं, "हा पंखा फार आवाज करतो, बदलायचा का?" म्हणाला, "बघू." पलंग खिडकीपाशी सरकवायचा का? बघू. चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोकांना नीट दिसावं म्हणून काचा घासतो आणि घरी आला की नुसतं 'बघू'. हे मी हसण्यावारी लिहितेय, तू मनाला लावून घेऊ नकोस.

वहिनी


५ मार्च

प्रिय वहिनी,

दहापैकी आठ. दोन गुण का गेले ते वाच.

चौथ्या वाक्यात 'वोय'च्या जागी मी 'वामोस' केलंय. तिथे तुम्ही दोघं राहणार ना? मग 'वामोस आ विविर', आपण राहणार आहोत. पाचव्यात तर कमालच केलीस. खोली? दादाचा पसारा, त्याचं काचा घासायचं यंत्र, त्याची ती उशांची रास, हे सगळं एका खोलीत मावेल? 'क्वार्तो' खोडून 'कासा' लिहिलंय. घर. आणि मी बघायलाही लागले. त्या शहरात माझ्या ओळखीची एक परिचारिका राहते, तिच्या गल्लीत दोन खोल्यांचं घर रिकामं होणार आहे. मोठी खिडकी आहे, दादाचं यंत्र तिच्याशी बसेल.

नवा शब्द घे : 'एस्पेरार'. त्याचे अर्थ दोन, वाट बघणं आणि आशा धरणं. 'एस्पेरो' म्हणून कुणी गप्प झालं तर कळत नाही की माणूस बसची वाट बघतोय की देवाची. पुढे कुठला शब्द येतो त्यावरून ओळखायचं.

मला आता इथे करमेनासं झालंय. चादरी बदलताना मनात तुमची खोली लावत असते. आपलं माणूस एका दिवसाच्या प्रवासावर असणार, ही कल्पनाच मला नवीन आहे. दादाला कधी सांगणार?

चिमी


२२ मार्च

प्रिय चिमे,

घराची घाई करू नकोस. खरंच नको. कुणाला शब्द देऊन बसू नकोस.

तू केलेल्या दुरुस्त्या बघितल्या. त्यावर आत्ता काही लिहीत नाही.

इथे यादीतल्या आम्ही सगळ्याजणी एकमेकींवर नजर ठेवून असतो. कुणाला साहेबांनी आत बोलावलं की बाकीच्यांच्या कात्र्या थांबतात. मी तर आठवड्यात दोन जोड वाया घालवले, जे माझ्या हातून कधी होत नाही. मुकादम नुसता तुकडे उचलून बघत राहिला. तेही टोचलं.

एकच वाक्य लिहिते, ते तपास : एल दोमिंगो वोय आ आब्लार कोन मी मारीदो. रविवारी मी नवऱ्याशी बोलणार आहे.

वहिनी


८ एप्रिल

प्रिय वहिनी,

वाक्य एकदम बरोबर. दहापैकी दहा.

पत्र हातात पडलं तेव्हा तो रविवार होऊन गेला होता, म्हणून मग मला राहवेना. परवा दुपारी दादाला दुकानात फोन केला. म्हटलं, "मग, समुद्राची सवय आहे का? तुझं यंत्र खिडकीशी बसेल असं घर बघितलंय मी." त्याने आधी माझ्याकडून गावाचं नाव पुन्हा वदवून घेतलं. मग म्हणाला, "गिऱ्हाईक आलंय." आनंदाने शब्द फुटले नसतील. तो लहानपणापासून असाच.

आता तुम्ही दोघं मिळून पत्र लिहा.

चिमी


२१ एप्रिल

चिमे,

मी त्या रविवारी बोलले नव्हते.

बोलायचं ठरवलं होतं. सकाळी तो पेपर वाचत होता, मी समोर जाऊन उभी राहिले, आणि त्याने वर बघून विचारलं, "चहा टाकतेस?" मी चहा टाकला. पुढच्या रविवारी बोलू असं म्हटलं. तेवढ्यात तुझा फोन.

घरी येऊन तो मला काहीच म्हणाला नाही. तीन दिवस नाही. मग साहेबांनी त्या तिकडच्या बाईला कळवायची पक्की नावं वाचून दाखवली. शेजारच्या टेबलावरच्या बाईचं आलं, आणखी दोघींची आली, माझं नाही. मी आत गेले तर साहेब म्हणाले, "तुमचे मिस्टर येऊन गेले ना? म्हणाले घरचं अजून ठरलेलं नाही. मला थांबून चालणार नव्हतं."

घरी गेल्यावर विचारलं, "तू साहेबांना भेटलास?"

"हो. त्या बाजूला गेलो होतो."

"काय सांगितलंस?"

"नाही म्हणालो नाही मी. ठरायचंय म्हणालो."

"माझं ठरलं होतं."

"आपलं ठरायचं होतं," तो म्हणाला, आणि पंख्याचं बटण बंद-चालू करत राहिला.

आता तुझ्या लाल शाईबद्दल. 'वोय' लिहिलं ती चूक नव्हती, चिमे. 'क्वार्तो' हीसुद्धा नव्हती. मी एकटी जाणार होते. दोन वर्षांनी परत यायचं की नाही हे माहीत नव्हतं, पण त्याच्याशिवाय जायचं हे पक्कं होतं. तुला सांगितलं नाही, कारण तू त्याची बहीण आहेस. सांगितलं असतं तर तू मला शिकवलं नसतंस.

तुझ्या दादात वाईट असं काही नाही, म्हणून तर हे कुणाला समजावता येत नाही. तो ओरडत नाही, पीत नाही, पगार हातात आणून देतो. पण आम्ही मूल दत्तक घ्यायचं म्हणत होतो, आठवतं? संस्थेतल्या बाई दोनदा घरी येऊन गेल्या. मी कोपऱ्यातलं कपाट हलवून पाळण्यापुरती जागाही केली होती. मग तो म्हणाला, बघू. बघता बघता आमचं वय त्यांच्या अटीच्या पलीकडे गेलं. कपाट मी एकटीने परत जागेवर ढकललं. त्याने विचारलं, "आवाज कसला?"

तुझ्यावर राग नाही. उत्तर दिलं नाहीस तरी समजेन.

वहिनी


३ मे

वहिनी,

दोन दिवस तुझा राग आला, खोटं कशाला सांगू. माझा भाऊ आहे तो. माझ्याकडूनच भाषा शिकून त्याला सोडून जायची तयारी केलीस, असं वाटलं. एक पत्र लिहिलं आणि फाडलं. ड्यूटीवर मी एका आजींच्या अंगावर कपभर दूध सांडलं.

मग ट्रामवाल्या आजोबांचा पडदा सरकवायला गेले. ते दर आठवड्याला सांगतात, या रविवारी घरी जाणार आहे. वोय आ इर आ कासा. मुलगा येत नाही, ते शर्टाची बटणं लावून बसून राहतात. हे इतकी वर्षं बघूनही तुझं 'रविवारी बोलणार आहे' मी झालेलंच धरलं. मास्तरीण म्हणे.

आणि दुसरं. दत्तक मुलाबद्दल मी तेव्हा दादाला विचारलं होतं. तो म्हणाला होता, "तुझ्या वहिनीचाच विचार बदलला." मी ते खरं मानलं. तुला काय वाटत असेल म्हणून तुझ्याकडे तो विषयच काढला नाही.

त्यालाही मी लिहिलंय. गोड लिहिलेलं नाही.

ती बाई या महिन्यात यायचीच आहे ना? तुझं नाव काढलं असेल, तुझं तोंड कुणी बांधलेलं नाही. लाल शाई मी फेकून दिली आहे. तुझं जसं आहे तसंच बोल.

चिमी


१२ मे

चिमे,

तुझं पत्र मिळालं. मला पत्र लिहायची सवय नाही.

तुझी वहिनी संध्याकाळी स्वयंपाकघरात पुटपुटायची. मला वाटायचं उद्याच्या कामाची उजळणी करत असेल. तू फोनवर खिडकी म्हणालीस तेव्हा लक्षात आलं की तुला खिडकीसुद्धा माहीत आहे आणि मला गावही माहीत नाही. तू माझ्या जागी असतीस तर काय केलं असतंस?

संस्थेचं म्हणतेस ते खरं आहे. मी तुला उलट सांगितलं. मला भीती होती की मूल घरी येईल आणि मला त्याच्याबद्दल काही वाटणारच नाही. हे तिला सांगणं जमलं नाही. आता सांगून उपयोग नाही.

साहेबांना पुन्हा भेटून सांगेन की माझी हरकत नाही. सोमवारी जाणार आहे.

दादा


२७ मे

प्रिय चिमे,

ती बाई काल येऊन गेली.

मला बोलावलेलं नव्हतं. साहेबांच्या मागून ती आमच्या विभागात आली, निवडलेल्या तिघींपाशी थांबली आणि पुढे गेली. माझ्या टेबलाजवळून जाताना तिने मी कापलेला तुकडा उचलून कडेवरून अंगठा फिरवला, आणि ठेवून दिला. तेवढंच. मी कात्री खाली ठेवली, पण उठायला होईना. शेजारच्या बाईने तिच्याशी बोलून आल्यावर मला कोपराने ढोसलं, "जा की आता. ती एकटीच बसलीये आत."

गेले. दारात म्हटलं, "कोन पेर्मीसो." तिने मान वर केली, म्हणाली, "दीगामे." सांगा.

मग मला येतं ते सगळं सांगितलं. वोय आ कोर्तार. वोय आ एन्सेन्यार. कापणार आहे, शिकवणार आहे. वोय आ विविर सोला. एकटी राहणार आहे. तिने माझ्या गळ्याकडे बघून विचारलं, "ई सू मारीदो?" आणि नवरा? 'राहणं' आणि 'मागे थांबणं' हे वेगळे शब्द आहेत हे मी आदल्याच दिवशी कोशात बघितलं होतं. म्हटलं, "से केदा. यो वोय." तो थांबतोय. मी जातेय. पुढे एकही क्रियापद लावलं नाही.

साहेब आत आले होते. म्हणाले, "अहो, पण तुमच्या मिस्टरांनी..."

"त्यांनी त्यांचं सांगितलं. माझं मी सांगतेय."

ती बाई त्यांच्याशी भरभर काहीतरी बोलली, त्यातलं मला अक्षर कळलं नाही. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "एस्पेरे."

मी बाहेर आले. वाट बघा म्हणाली की आशा धरा म्हणाली? पुढे शब्दच नव्हता ग कुठला, ओळखायचं कशावरून?

तुझा दादा साहेबांकडे परत गेला का, असं तू विचारशील. नाही गेला. सोमवारी जातो असं मलाही म्हणाला होता, बाहेर पडलाही, आणि कोपऱ्यापर्यंत जाऊन पेपर घेऊन आला.

वहिनी


१० जून

वहिनी,

दोन्ही म्हणाली. दोन्ही कर.

मला झोप नाही. टपालाची गाडी आली की हातातलं काम टाकून फाटकाशी जाते. काही झालं तरी कळव. काहीही होत नसेल, तर तेच लिही.

चिमी


६ जुलै

प्रिय चिमे,

निवडलेल्यांपैकी एकीला दिवस गेलेत, ती येत नाही. साहेबांनी आज मला बोलावलं. महिनाअखेरीला निघायचं.

संध्याकाळी तुझ्या दादाला सांगितलं. त्याने विचारलं, "परत येणार?" मी म्हटलं, "माहीत नाही." मग त्याने मला मूल आणायच्या भीतीबद्दल सांगितलं. तुला लिहिलं होतं म्हणे. मी ऐकून घेतलं. हे तेव्हा सांगितलं असतंस तर मी भीतीसकट मूल आणलं असतं, असं म्हणाले. तो रडला. मीही रडले. तरी मी जातेय, चिमे. आता तुला माझा राग यायचा असेल तर येऊ दे.

घर नको, खोली बघ.

वहिनी


१९ ऑगस्ट

प्रिय चिमे,

हे पत्र तुझ्याकडे दोन दिवसांत येईल, याची मला अजून सवय व्हायचीय.

खोली चांगली आहे. खिडकीतून समुद्र दिसत नाही, समोरच्यांचं धुणं दिसतं, पण हवेला खारट वास आहे. रात्री दार आतून लावलं की थोडा वेळ मी मधोमध उभीच राहते. बसायचं कुठे हे ठरवायला वेळ लागतो. एकटीने एवढंही कधी ठरवलं नव्हतं. घरची आठवण येत नाही असं नाही. पहिल्या आठवड्यात तर दोनदा बॅग भरून ठेवली होती.

तुझा दादा स्टेशनवर आला होता. शेजारच्या टेबलावरच्या बाईचे वडील भेटले आणि तो त्यांच्याशीच बोलत बसला. गाडी हलली तेव्हाही तो त्यांना चष्म्याचा नंबर समजावत होता. परवा त्याचा फोन आला. पलंग खिडकीपाशी सरकवलाय म्हणाला. मी "बरं केलंस" म्हटलं. त्यानंतरही फोन लगेच कुणी ठेवला नाही.

कारखान्यात माझ्या हाताखाली सात मुली आहेत. कातड्यावर हात ठेवून दाखवलं की त्यांना कळतं, तिथे भाषा लागत नाही. पण जेवायच्या सुट्टीत सगळ्या माझ्याभोवती बसतात आणि विचारतात. आधी वाटलं, मी घाबरलेय म्हणून समजत नाहीये. मग लक्षात आलं की त्या पुढचं काही विचारतच नाहीत. कुठून आलात? तिथे काय करत होतात? नवऱ्याचं काय झालं? सगळे प्रश्न होऊन गेलेल्या गोष्टींचे, आणि तो काळ तू मला शिकवलाच नाहीस. काय करणार, काय घेणार, कुठे जाणार, हे मी घडाघडा सांगते, त्या माना हलवतात आणि पुन्हा मागचंच विचारतात.

काल एकीने फारच खोदलं, तेव्हा मी म्हटलं, "वोय आ आप्रेंदेर." शिकणार आहे. सगळ्या हसल्या. मीही हसले.

तू रविवारी येणार आहेस म्हणालीस. खरंच ये. मला झालेल्या गोष्टी सांगायला शिकव. सुरुवात कपाटापासून करू : ते मी हलवलं होतं, आणि मग परत ढकललं होतं. एवढी दोन वाक्यं आली तरी पुरे.

तुझी,
वहिनी